टिपणिसांचा कॅसिनो

रियाधहून मोटारीने कुवेतला निघालेल्या मराठी कुटुंबाला त्या काळात हमखास एक सल्ला मिळायचा. "खफजीला टिपणिसांकडे थांबणार ना? मग फराळाचं जास्तीचं घ्या. हराल तिथे."

खफजी म्हणजे सौदीचं अगदी वरचं टोक. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळू, मधून सरळसोट रस्ता, आणि तो संपता संपता कुवेतची सरहद्द. समुद्रात तेलाच्या विहिरी, म्हणून गाव. नाहीतर तिथे गाव वसवायचं कोणाच्या मनात आलं नसतं, असं सरोज टिपणीस पहिली दोन वर्षं भेटेल त्याला सांगत असे. भेटायचं मात्र फारसं कोणी नाही.

ती तिथे आली त्र्याण्णव साली. नवरा विवेक इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, हाताशी पाच वर्षांची मुलगी स्मृती, आणि समोर आखाती युद्धाच्या गोळ्यांनी टवके उडालेली भिंत. घराजवळ बोलायला एक इजिप्शियन शेजारीण आणि तिच्याशी बोलायला सरोजकडे चार अरबी शब्द. विवेक विहिरींवर गेला की दोन-दोन दिवस परतत नसे. बाईला गाडी चालवायची मुभा नाही, आणि असती तरी जायचं कुठे? ती रोज संध्याकाळी पत्त्यांचा जोड काढून एकटीच पेशन्स खेळत बसे. विवेक परत आला की एकच पालुपद. "अहो, खाली जुबैलला बदली मागा. मोठं शहर आहे. तिथे माणसं आहेत." विवेक मागत राहिला, बदली काही होईना.

पत्ते मात्र तिच्या रक्तातच होते. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या मार्गावरची लहान लहान स्टेशनं त्यांच्या वाट्याला आली. दिवसातून चार गाड्या, बाकी वेळ लिंबाखाली सतरंजी. पाच-तीन-दोन, लाडीस, झब्बू, मेंढीकोट, सगळं ती पाढ्यांच्या आधी शिकली. चॅलेंज हा तिचा खास खेळ. पत्ते उपडे टाकायचे आणि तोंडाने सांगायचं, "तीन राजे." खरंच राजे असतील किंवा नसतील. समोरच्याला संशय आला तर तो म्हणणार "चॅलेंज", आणि पत्ते उलटून बघायचे. खोटं निघालं तर सगळा ढीग टाकणाऱ्याच्या गळ्यात, खरं निघालं तर संशय घेणाऱ्याच्या. हात ज्याचा आधी रिकामा होईल तो जिंकला. सरोजला पत्ते मोजायची गरजच पडत नसे. ती माणसाच्या तोंडाकडे बघे.

घराचा कॅसिनो झाला तो सिराजुद्दीनमुळे. हा रत्नागिरीचा माणूस, हमरस्त्यावर त्याचं किराण्याचं दुकान. नमाजाच्या वेळी दुकानाचं शटर खाली यायचं आणि गिऱ्हाइकं गाडीत ताटकळत बसायची. एका गुरुवारी नमाज आटोपून तो आला, तर बंद शटरसमोर एक जोडपं शुद्ध पुणेरी मराठीत भांडत होतं. नकाशा कोणी घरी विसरला, यावर. सिराजुद्दीनने त्यांचं भांडण मन लावून शेवटपर्यंत ऐकलं आणि मग म्हणाला, "रागावू नका हां, पण इथून डावीकडे तिसरं घर टिपणिसांचं. आमच्या वहिनी झकास चाय देतात. ऱ्हायलेलं भांडण तिथे पुरं करा."

ते जोडपं चहाला म्हणून गेलं आणि दुसऱ्या दिवशी जेवूनच निघालं. पुढच्या महिन्यात त्यांचे मित्र आले. मग मित्रांचे मित्र. एकदा कोणीतरी रियाधच्या सहलीत सांगितलं, "अहो, खफजी म्हणजे आपलं लास व्हेगास आहे," आणि नाव पडलं.

पैशाला मात्र तिथे मज्जाव. पैसे लावून खेळणं त्या देशात गुन्हा होता, हे तर खरंच. पण सरोजचा नियम त्याहून कडक होता. टेबलावर रियाल दिसला की चहा बंद. खेळायचं खजुराच्या बियांवर. तिने एक मोठी बरणी भरून बिया धुऊन-वाळवून ठेवल्या होत्या. बिया संपल्या की मग डिकीतला माल: मेतकूट, भाजणी, कोकम, कुळथाचं पीठ, दिवाळी अंक. मुंबईच्या विमानातून किलो किलो तोलून आणलेल्या त्या वस्तू पणाला लावताना भले भले मॅनेजर डबा दोनदा मागे ओढून घेत. सरोज जिंकायची, जिंकलेलं फडताळात ठेवायची, आणि पुढच्या आठवड्याच्या पाहुण्यांना त्याच पिठाचं पिठलं करून वाढायची.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. दोन हजार सहाच्या जूनमध्ये स्मृती पुण्याला कॉलेजात गेली. आणि त्या हिवाळ्यात विवेक एकाएकी भाजीबद्दल बोलायला लागला.

"जुबैलला म्हणे भाजी फार ताजी मिळते," तो जेवताना म्हणाला.

"हो का?" सरोज म्हणाली.

दोन दिवसांनी तो म्हणाला, "जुबैलला गणपती छान करतात. पन्नास-साठ कुटुंबं आहेत आपली." मग दात दुखत नसताना दाताच्या डॉक्टरची चौकशी. सरोज काय समजायचं ते समजली. नवऱ्याची बदली आली होती. इतक्या वर्षांनी आली होती, आणि त्याला जायचं होतं. जाणारच ना. वरची जागा, मोठं ऑफिस, समुद्रातल्या हेलपाट्यांतून सुटका. तिला मात्र आता खफजी सोडायचं नव्हतं. पण आपण एक तप ज्याच्यासाठी या माणसाचं डोकं खाल्लं, तेच ताटात आल्यावर नको कसं म्हणायचं? मग तीही सुरात सूर मिसळायला लागली. "खरंच, जुबैल बरं पडेल. इथे आता आहे काय?"

शनिवारी विवेकला ऑफिसात हो-नाही सांगायचं होतं. त्याच्या आधीच्या गुरुवारी पानसे मंडळी आली.

हर्षवर्धन पानसे रियाधच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बरोबर बायको गौरी आणि अकरा वर्षांचा आर्यन. कुवेतला गौरीच्या भावाला मुलगी झाली होती आणि रविवारी बारसं होतं. पहाटे रियाध सोडून हे लोक दुपारी सरहद्दीवर पोचले, आणि तिथल्या शिपायाने पासपोर्ट चाळून शांतपणे परत दिले. हर्षवर्धनच्या पासपोर्टवर बाहेर जाऊन परत यायचा शिक्का होता. बायको-मुलाच्या पासपोर्टवर तो घ्यायचा राहूनच गेला होता. शिक्का मिळणार जवाजातमध्ये, म्हणजे पासपोर्टच्या कचेरीत. कचेरी गुरुवार-शुक्रवार बंद. शनिवारी या. यल्ला, निघा.

खफजीच्या रस्त्यावर सिराजुद्दीनने त्यांच्या तोंडांकडे बघूनच ओळखलं आणि डावीकडे बोट केलं.

"दोन दिवस?" हर्षवर्धन टिपणिसांच्या सोफ्यावर बसत म्हणाला. "या गावात दोन दिवस माणूस करतो तरी काय?"

"पत्ते खेळतो," सरोजने पाण्याचे ग्लास ठेवत सांगितलं.

हर्षवर्धन हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच. "वहिनी, मी ऐकलंय तुमच्याबद्दल. पण आधीच सांगतो, मी खरं लास व्हेगास बघितलंय. ट्रेनिंगला अमेरिकेत होतो तेव्हा आम्ही चौघं लॉस एंजलिसहून गाडीने गेलो होतो. असंच वाळवंट, असाच रस्ता. दोन रात्री होतो. शेवटी सगळा प्रोबॅबिलिटीचा खेळ असतो."

"जिंकला होतात?"

"तसं... नाही म्हणजे, शिकलो खूप."

"किती शिकला ते मला अजून कळलेलं नाही," गौरी म्हणाली. आणि आर्यन म्हणाला, "मम्मा, आय ॲम सो बोअर्ड."

"तू माझ्या शेजारी बस," सरोज त्याला म्हणाली. "खोटं बोलता येतं का तुला?"

आर्यनने आईकडे बघितलं. "अं... थोडा थोडा आता है, आंटी."

"झालं तर मग. शाळेत बोललास तर मार बसेल, इथे बिया मिळतील."

दुपारची जेवणं झाल्यावर सतरंजी पडली. सिराजुद्दीनही आला. तो पत्त्यांना हात लावत नसे. "आपल्याला ते चालत नाही. पण चाय पिताना डोळे मिटून घ्या असं कुठे लिहिलंय?" म्हणत तो भिंतीला टेकून पंचगिरी करायचा. घरातल्या सगळ्यांना त्याचा निवाडा मान्य असे.

हर्षवर्धनने सुरुवात दणक्यात केली. कोणते पत्ते गेले, कोणते राहिले, याचा हिशेब त्याने मनात पक्का मांडला होता. तिसऱ्या फेरीला त्याने बेधडक चार पत्ते टाकले. "चार दश्श्या."

सरोजने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चॅलेंज."

उलटल्यावर दोन दश्श्या, एक पंजी आणि एक गुलाम निघाला. ढीग त्याच्याकडे गेला. पुढच्या वेळी तो खरं बोलला, तेव्हा ती गप्प बसली. त्याच्या पुढच्या वेळी तो खोटं बोलला, तेव्हा पुन्हा "चॅलेंज". तासाभरात त्याच्या बिया संपल्या.

"हे होतंय कसं?" त्याने विचारलं.

"भावजी, खोटं बोलताना तुम्ही फार सभ्य होता," सरोज म्हणाली. "एरवी पत्ते फेकता. खोटे असले की अलगद ठेवता."

गौरी एवढी हसली की तिला उठून पाणी प्यावं लागलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. "ताई, तुम्ही मला आधी भेटायला हव्या होतात हो!"

हर्षवर्धन आता पेटला. डिकीतून भाकरवडीचा डबा आला. गेला. दुसरा डबा आला. तोही गेला. मग दोन दिवाळी अंक, लिंबाचं लोणचं. विवेक तर पहिल्या अर्ध्या तासातच बाद होऊन बसला होता. त्याला खोटं बोलणं जमतच नसे. तोंडातून शब्द निघायच्या आधी कान लाल. आर्यन मात्र निरागस चेहऱ्याने धडाधड थापा मारत होता आणि त्याच्यापुढे बियांचा डोंगर वाढत होता. बोअर हा शब्द पुन्हा त्याच्या तोंडून निघाला नाही.

हर्षवर्धन पुन्हा बाहेर गेला आणि एक स्टीलचा डबा घेऊन आला. गौरीने डबा ओळखला.

"अहो! ते डिंकाचे लाडू आहेत! कुवेतच्या वहिनीचे!"

"एकच डाव. आता माझी पाळी आहे, नियमाने यायलाच पाहिजे."

"बाळंतिणीचे लाडू पणाला लावताय? एवढा डिंक मी कुठून कुठून जमवला होता!" गौरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता याच्यानंतर मलाच लावाल. त्या आधी सांगा, म्हणजे मी सिराजभाईंच्या दुकानात जाऊन बसते."

सिराजुद्दीन चहाचा कप सावरत म्हणाला, "बसा की. नमाजाला शटर पाडायचं तेवढं लक्षात ठेवा."

लाडूही गेले. हर्षवर्धन पानसे, ज्याच्या सहीने बँकेत मोठमोठी कर्जं मंजूर होत असत, तो रिकाम्या सतरंजीकडे बघत बसला आणि मग स्वतःच खो खो हसत सुटला. असा तो बऱ्याच महिन्यांत हसला नव्हता, हे गौरीच्या चेहऱ्यावरून सरोजला कळलं.

भांडी विसळताना गौरीने विचारलं, "ताई, तुम्हाला इथे एकटं नाही वाटत?"

"वाटतं की," सरोज म्हणाली. "गुरुवार येईपर्यंत. रविवार-सोमवार फार लांबलचक असतात. स्मृती गेल्यापासून तर जास्तच." तिने नळ बंद केला. "पण कसं आहे, लहानपणी आमच्या स्टेशनवर गाडी थांबायची ना, तेव्हा वाटायचं, ही माणसं आपल्याकडेच आलीत. पाणी प्यायची, दोन शब्द बोलायची, जायची. तसंच आहे हे. आता यांची जुबैलला बदली आलीय. तिकडे पन्नास वहिन्या आहेत. तिथे मी एक्कावन्नावी."

"मग नका जाऊ."

"यांना जायचंय गं. बारा वर्षं माझ्यासाठी मागत होते, आता त्यांच्यासाठी मिळतंय. मी नाही म्हणू?"

गौरी ताट पुसत राहिली.

शुक्रवारी सकाळी विवेक हर्षवर्धनला घेऊन समुद्रावर गेला. दर शुक्रवारी तो गळ टाकायला जात असे. हामूर मिळाला, म्हणजे आपला हेकरू. चांगला हातभर लांब. हर्षवर्धन परत आला तो विवेकच्या मासेमारीची रसभरीत वर्णनं करत. "अहो, हा माणूस किनाऱ्यावर गेला की वेगळाच होतो. गळ टाकल्यावर गाणी म्हणतो!" सरोजने मासा तळला, सोलकढी केली, आणि जेवून पुन्हा सगळे सतरंजीवर. सिराजुद्दीनही जुम्म्याचा नमाज पढून हजर झाला.

डाव रंगात आला होता. हर्षवर्धन आता खरे पत्तेही अलगद ठेवायला शिकला होता आणि त्याने चक्क एक भाकरवडीचा डबा परत जिंकला होता. पत्ते लावता लावता त्याने सहज विचारलं, "टिपणीस, तुम्ही कायमचे इथलेच का? रिटायर होईपर्यंत?"

विवेकने हातातले पत्ते जवळ घेतले. "नाही, नाही. जुबैलची बदली आलीय. उद्या कळवायचंय. मला केव्हाचं जायचंच होतं तिकडे. फार दिवसांची इच्छा."

सरोजने मान वर केली. आठवडाभर जुबैलचा विषय निघाला तो रात्री, अर्ध्या उजेडात, नाहीतर तो पाठमोरा असताना. आज दुपारच्या लख्ख उन्हात तो समोर बसला होता, आणि त्याचे दोन्ही कान तळलेल्या कोळंबीसारखे लाल झाले होते.

"चॅलेंज," ती म्हणाली.

हर्षवर्धन गोंधळला. "पण त्यांनी पत्ते कुठे टाकलेत?"

"पत्त्यांना नाही म्हटलं मी."

आर्यनने हळूच आपल्या हातातले पत्ते मोजले.

"अगं," विवेक म्हणाला, "तूच तर म्हणत होतीस. जुबैल, जुबैल. आल्यापासून."

"आल्यापासून म्हणजे कधी? त्र्याण्णव साली! आणि गेल्या आठवड्यात भाजी ताजी मिळते म्हणून कोण सांगत होतं?"

"ते तुझ्यासाठी सांगत होतो. स्मृती गेल्यापासून तू संध्याकाळी परत पेशन्स लावायला लागलीस. मला वाटलं, आता तरी हिला माणसांत न्यावं. म्हणून मीच जाऊन पुन्हा अर्ज दिला. आणि तू म्हणालीस, बरं पडेल!"

"तुम्हाला जायचंय असं वाटलं म्हणून म्हणाले."

"मला?" विवेकने पत्ते खाली ठेवले. "जुबैलला मला फायलींपुढे बसवणार आहेत. आठ तास. इथे मला समुद्र आहे. सरोज, मला ते ऑफिस नको आहे. अजिबात नको."

आता त्याचे कान नेहमीच्या रंगाचे होते. सरोजला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. ते लपवायला तिने पदर घेतला, पण इतक्या माणसांच्या तोंडाकडे बघत आलेल्या बाईचं तोंड आता बाकी सगळे बघत होते.

"मला पण नको," ती म्हणाली. "पण एक सांगते. सोमवार-मंगळवारी मला गाडीतून बाहेर न्यायचं. कुठेही. नुसती चक्कर. मी मागायची वाट बघायची नाही."

"नेईन."

"विहिरीवर असाल तेव्हा?"

"तेव्हा माझी रईसा येईल ना बसायला," सिराजुद्दीन मध्येच म्हणाला. रईसा त्याची बायको, दोन महिन्यांपूर्वीच गावाहून आलेली. "ती पण घरात भिंतीशी बोलत असते. मीच सांगणार होतो, पण म्हटलं वहिनी जाणार जुबैलला, कशाला माया लावा? आता निवाडा ऐका. दोघंही खोटं बोलले. ढीग अर्धा अर्धा वाटून घ्या."

वाद सुरू झाला. असा नियम नाही, असं हर्षवर्धनचं म्हणणं. पंच म्हणेल तो नियम, असं गौरीचं. त्या गदारोळात आर्यनने शेवटचे दोन पत्ते ढिगावर ठेवले आणि म्हणाला, "टू एसेस. अँड आय ॲम आउट." कोणी चॅलेंज करायच्या आत त्याने बरणी पुढे ओढली. ते एक्के खरे होते की नाही, ते कोणी पाहिलंच नाही.

शनिवारी सकाळी विवेकने ऑफिसात नाही कळवलं. साहेब वैतागला, बारा वर्षं मागितलं ते आता नको, हे काय, म्हणून त्याने दोन शब्द सुनावले. विवेकने ऐकून घेतले. ती जागा एका केरळी इंजिनिअरला मिळाली, आणि तो बिचारा बायकोसकट खूश झाला. तिकडे हर्षवर्धनने रियाधहून फॅक्स मागवला, जवाजातमध्ये रांग लावली आणि दुपारपर्यंत शिक्के घेऊन आला.

निघताना सरोजने लाडवांचा डबा गौरीच्या हातात ठेवला.

"नियमात बसत नाही हे," हर्षवर्धन म्हणाला.

"बाळंतिणीच्या घासावर माझा हक्क नाही," सरोज म्हणाली. "भाकरवडी विसरा. आणि लाडू मोजू नका, सिराजभाईंनी त्यातले दोन खाल्लेत."

पुढच्या गुरुवारी पानसे परतीच्या वाटेला लागले. पासपोर्टवर शिक्के होते, पेट्रोल भरलेलं होतं, सहा तासांत सरळ रियाध गाठता आलं असतं. पण दुपारी चार वाजता त्यांची गाडी सिराजुद्दीनच्या दुकानावरून डावीकडे वळली. हर्षवर्धनच्या हातात कुवेती हलव्याचे तीन डबे होते आणि दार उघडल्या उघडल्या त्याने आत डोकावून पाहिलं. सतरंजीवर रईसा सरोजपुढे बसून पत्त्यांशिवायच, नुसत्या बियांचा काहीतरी तिच्या गावाकडचा खेळ मांडत होती.

"हा कुठला खेळ?" त्याने चपला काढता काढता विचारलं.

"मलाही नवाच आहे," सरोज म्हणाली. "सकाळपासून हरतेय. या, बसा."